जुन्या संगणकांतील मोकळी खांच

कुटुंब वाढलें म्हणून राहतें घर पाडून टाकण्याची रीत महाराष्ट्रांत सहसा नसे. माळवदी घरास एखादा खण वाढवावा, भिंतींत एखादा कोनाडा काढावा, आणि त्याच घरांत पुढच्या पिढीनें नांदावें, असा व्यवहार शेवगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. घरगुती संगणकाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण ह्याच व्यवहाराचें आहे. जुनें यंत्र टाकून न देतां त्यास अधिक स्मृति, म्हणजे प्रचारांतल्या शब्दांत मेमरी, आणि अधिक चांगली चित्रशक्ति देण्याचा उद्योग गेलीं चार दशकें जगभर चालला. वरवर पाहतां हा छंदी माणसांचा खेळ वाटतो. परंतु साध्या संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटलें तें पुष्कळ अंशीं ह्याच वाटेनें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळून येतें.

१९८१ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें झेडएक्स-८१ नांवाचा लहानसा संगणक विक्रीस आणला. त्याची स्मृति अवघी १ किलोबाईट, म्हणजे १,०२४ अक्षरें मावतील एवढीच होती. एखादें सविस्तर घरगुती पत्रहि तींत पुरतें मावलें नसतें. यंत्राच्या पाठीमागें १६ किलोबाईटची डबी जोडतां येई. पण ती डबी किंचित्‌ हलली कीं जोड तुटे आणि तासांची मेहनत क्षणांत नाहींशी होई. पुढच्याच वर्षीं आलेला स्पेक्ट्रम हा संगणक १६ आणि ४८ किलोबाईट अशा दोन प्रकारांत मिळे. ज्यानें स्वस्त प्रकार घेतला असेल, त्यास पुढें पेटी उघडून स्मृतीच्या आठ चिपा व त्यांच्या सोबतीच्या चार लहान चिपा बसविल्या कीं तेंच यंत्र ४८ किलोबाईटचें करतां येई. ह्या वाढीव चिपांची कथा मौजेची आहे. त्यांपैकीं बहुतेक मूळच्या ६४ किलोबिटच्या. तपासणींत त्यांचा अर्धा भाग सदोष ठरलेला, म्हणून उरलेला चांगला अर्धा तेवढा कामास लावलेला. स्मृति तेव्हां इतकी महाग होती! ह्याच स्पेक्ट्रमची सुधारलेली आवृत्ति भारतांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९८० च्या दशकांत परवान्यानें विकली.

स्मृति आणि चित्र हे दोन निराळे प्रश्न नव्हेत, हेंहि स्पेक्ट्रमवरून समजतें. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके असत. ठिपका पेटलेला कीं विझलेला, एवढेंच लक्षांत ठेवण्यास ६,१४४ बाईट लागत. प्रत्येक ठिपक्यास आठांपैकीं कोणताहि रंग द्यावयाचा म्हटलें असतें तर १८,४३२ बाईट लागले असते. म्हणजे लहान यंत्राची सगळी स्मृति खर्चूनहि चित्र पुरें झालें नसतें. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीस दोनच रंग ठरवून दिले, आणि तें काम ७६८ बाईटांत भागविलें. पडद्यावरील चित्र म्हणजे स्मृतींत मांडून ठेवलेल्या ठिपक्यांची यादी होय. यादीस जागा नसेल तर चित्रहि नाहीं.

१९८१ च्या ऑगस्टमध्यें आय.बी.एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्यूटर निघाला. त्याच्या मदरबोर्डवर चिपांच्या ओळी असत. एका ओळींत नऊ चिपा. आठ चिपा माहितीच्या आणि नववी ती माहिती बिघडली कीं काय हें ताडून पाहण्याची. नवी ओळ बसविणाऱ्यानें चिपेवरील खूण योग्य दिशेस आहे ना हें पाहावें, अंगांतली स्थिर वीज आधीं धातूस हात लावून उतरवावी, आणि शेवटीं स्मृति किती झाली हें यंत्रास कळावें म्हणून बारीक कळा वरखालीं कराव्या, असा विधि होता. परंतु ह्या यंत्राचा खरा विशेष निराळाच होता. त्याच्या आंत पांच मोकळ्या खांचा ठेविल्या होत्या, आणि त्यांत काय बसेल याची माहिती कंपनीनें उघड छापली होती. कर्त्यानें कल्पिलें नसेल असें कार्डहि दुसऱ्या कोणास करून त्या खांचेंत बसवितां येई.

ह्या मोकळ्या खांचेची गरज देवनागरीस किती होती, हें दोन नांवांवरून दिसेल. मूळ यंत्राबरोबर मिळणारें एकरंगी कार्ड पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी दाखवी. प्रत्येक अक्षराची जागा नऊ ठिपके रुंद व चौदा ठिपके उंच, आणि २५६ आकृत्या कायमच्या कोरलेल्या. कार्डाची स्वतःची स्मृति ४ किलोबाईट. इंग्रजीस एवढें पुरें होतें. ‘शेवगाव’ ह्या नांवांत मात्र श च्या डोक्यावर मात्रा चढते आणि ग च्या पुढें काना उभा राहतो. ‘अहिल्यानगर’ हें जिल्ह्याचें नांव त्याहून कठीण. कारण त्यांतली वेलांटी उच्चारांत ह च्या मागून येते पण लिहितांना पुढें बसते, आणि ल अर्धा होऊन य ला चिकटतो. कोरीव आकृत्या एकापुढें एक ठेवून अशीं अक्षरें घडत नाहींत. तीं ठिपक्या-ठिपक्यानें रचावीं लागतात, आणि त्यासाठीं पडदाभर ठिपक्यांची स्मृति लागते.

हीच अडचण दुसऱ्या एका आशियाई लिपीस आली होती. अमेरिकेंत व्हॅन सुवन्नुकूल नांवाच्या थाई अभियंत्यास आपल्या संगणकावर थाई लिपि लिहावयाची होती. त्यासाठीं त्यानें जें कार्ड रचलें, तेंच १९८२ मध्यें हर्क्युलिस या नांवानें बाजारांत आलें. त्यावर ७२० बाय ३४८ ठिपके आणि ६४ किलोबाईट स्मृति होती. एका माणसाच्या मातृभाषेची निकड जगभरच्या कचेऱ्यांच्या उपयोगीं पडली.

भारतांत हें काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या पुढाकारानें सुरू झालें. तेथें मोहन तांबे यांनीं जिस्ट ही पद्धति विकसित केली. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि जिस्टचें काम तेथें आलें. सी-डॅकचें नांव लोकांच्या तोंडीं झालें तें १९९१ च्या परम ८००० ह्या महासंगणकामुळें. पण सामान्य घरापर्यंत व कचेरीपर्यंत पोंचण्याची योग्यता जिस्ट कार्डांत अधिक होती. जुन्या संगणकाच्या मोकळ्या खांचेंत हें कार्ड बसविलें कीं इंग्रजीसाठीं लिहिलेले हिशेबाचे व याद्यांचे प्रोग्रॅम न बदलतां त्यांत मराठी लिहितां येई. प्रोग्रॅमास वाटे कीं आपण नेहमींचींच अक्षरें पाठवितों. तीं अक्षरें अडवून मात्रा, वेलांटी व जोडाक्षर जुळविण्याचें काम कार्ड करी. सातबारा, पावती, मतदारयादी हीं ज्यांचीं मराठींतच असतात, त्यांस ह्या सोयीचें मोल वेगळें सांगावयास नको.

ह्या पद्धतीमागील वर्णक्रमाचा संकेत १९९१ मध्यें इस्की या नांवानें भारतीय मानक झाला. त्यांत ‘शेवगाव’ म्हणजे सहा संकेत आणि ‘अहिल्यानगर’ म्हणजे दहा. क्रम उच्चाराचा, आकृति मागाहून जुळविलेली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीहि इस्कीच्याच आधींच्या आवृत्तीवरून घेतली गेली. पुढें मुख्य यंत्राची स्मृति व गति इतकी वाढली कीं अक्षर जुळविण्यास निराळें कार्ड लागेना. विंडोज २००० मध्यें मराठीची सोय अंगचीच आली, आणि जिस्ट कार्डाचें काम संपलें. त्याची रीत मात्र आज प्रत्येक मोबाईलच्या पडद्यावर चालू आहे.

आज पुष्कळ लॅपटॉपांत मेमरी मदरबोर्डवरच झाळलेली असते. यंत्र पातळ व हलकें होतें हें खरें. पण त्यांत पुढें कांहीं वाढवितां येत नाहीं, आणि स्मृति अपुरी पडली कीं चांगलें चालतें यंत्र अडगळींत जातें. ज्यांच्या घरीं जुना संगणक असेल त्यांनीं तो टाकण्यापूर्वीं एकदां आंत पाहावें. मेमरीची एखादी खांच रिकामी सांपडली तर थोड्या खर्चांत तो आणखी कांहीं वर्षें मुलांच्या अभ्यासास उपयोगीं पडेल. आणि नवें यंत्र घेतांना त्यांत अशी खांच आहे कीं नाहीं हें विचारण्यास संकोच करूं नये. पहिल्या यंत्रांच्या कर्त्यांस मराठी ठाऊक नव्हती. त्यांनीं जागा मोकळी ठेविली होती, एवढ्यानेंच ती आंत येऊं शकली.