मणिबंध-नाल लक्षणसमूह : शारीरिक परीक्षांचा इतिहास

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस असलेल्या अरुंद नालातून जाणाऱ्या मध्य तंत्रिकेवर (मज्जातंतूवर) दाब पडल्यामुळे हाताला मुंग्या येणे, बधिरता, वेदना व अशक्तपणा ही जी लक्षणे उद्‌भवतात, त्यांच्या समूहास ‘मणिबंध-नाल लक्षणसमूह’ असे म्हणतात. वैद्यक व्यवसायात तो ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ या नावाने परिचित आहे. विद्युत्‌ उपकरणांनी तंत्रिकेतील संवेगवहनाचा वेग मोजून या विकारास पुष्टी देता येते. तथापि अशी सोय मुख्यत्वे मोठ्या शहरांतच असते. यवतमाळसारख्या ग्रामीण, कापूस-उत्पादक जिल्ह्यात पहिले निदान वैद्याच्या हातांनीच करावे लागते. म्हणून या परीक्षा कशा निर्माण झाल्या व त्यांवर कितपत विसंबावे, हा केवळ ऐतिहासिक जिज्ञासेचा विषय नाही.

शारीर : नालाचा तळ व बाजू मणिबंधास्थींच्या कमानीने बनलेल्या असून त्यावर आडव्या अस्थिबंधाचे छत असते. त्यातून बोटे व अंगठा वाकविणाऱ्या ९ कंडरा आणि मध्य तंत्रिका जाते. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांची संवेदना या तंत्रिकेकडे असते, करंगळीची नसते. तळव्याच्या बुंध्याकडील त्वचेला जाणारी शाखा नालाबाहेरून जात असल्याने तेथील संवेदना शाबूत राहते. दाब दीर्घकाळ टिकल्यास अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायूंचा उंचवटा झिजून सपाट होतो. परीक्षांचे सारे तर्कशास्त्र या रचनेवर आधारलेले आहे.

प्रारंभीची निरीक्षणे : इंग्लिश शस्त्रक्रियाविशारद जेम्स पॅजेट (१८१४–९९) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मनगटाच्या अस्थिभंगानंतर मध्य तंत्रिकेवर दाब पडल्याचे वर्णन केले. बॉस्टन येथील जेम्स जॅक्सन पटनम (१८४६–१९१८) यांनी १८८० मध्ये ३७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि हात खाली सोडल्याने किंवा झटकल्याने बरे वाटते, ही त्यांची नोंद आजही तितकीच मोलाची आहे. मात्र दोष मनगटात आहे हे त्या वेळी उमगले नव्हते. पुढे कित्येक वर्षे अशा तक्रारींचे मूळ मानेजवळील जादा बरगडीत वा खांद्याजवळील तंत्रिकाजालात शोधले जाई. प्येअर मारी (१८५३–१९४०) व शार्ल फ्वा (१८८२–१९२७) या फ्रेंच वैद्यांनी १९१३ मध्ये एका वृद्धेच्या शवविच्छेदनात आडव्या अस्थिबंधाच्या वरच्या कडेपाशी फुगलेली व त्याखाली दबलेली मध्य तंत्रिका दाखविली आणि तो बंध वेळीच छेदला असता तर विकार थांबला असता, असे सुचविले. या सूचनेकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद जेम्स लीअरमंथ यांनी बंधछेदनाची शस्त्रक्रिया १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. १९४७ मध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांच्या लेखाने कोणत्याही इजेविनाही असा दाब पडतो हे मान्य झाले.

टिनेल चिन्ह : पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या तुटलेल्या तंत्रिका तपासताना पाउल होफमान (१८८४–१९६२) या जर्मन व झ्यूल टिनेल (१८७९–१९५२) या फ्रेंच वैद्यांनी १९१५ मध्ये, एकमेकांच्या विरुद्ध पक्षांत असताना, स्वतंत्रपणे एकच गोष्ट नोंदविली. तंत्रिकेवर बोटाने हलके ठोकले असता तिच्या क्षेत्रात मुंग्या उमटल्या, तर तेथे तंतूंची नवी वाढ होत आहे असे समजावे. म्हणजे मुळात हे चिन्ह दाबाचे नसून पुनर्जननाचे होते. मनगटावर ठोकून दाब ओळखण्यासाठी त्याचा वापर नंतर रूढ झाला.

फॅलन परीक्षा : हा विकार सर्वसामान्य वैद्यांच्या परिचयाचा करण्याचे श्रेय अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकचे जॉर्ज फॅलन (१९११–९८) यांना दिले जाते. कोपरे टेबलावर टेकवून बाहू उभे धरावेत आणि मनगटे आपल्याच भाराने पुढे वाकू द्यावीत, सु. ६० सेकंदांत बोटांत मुंग्या आल्यास परीक्षा होकारात्मक मानतात. वाकलेल्या मनगटात नालातील दाब वाढतो, हे तिचे तत्त्व होय. १९६६ मध्ये त्यांनी १७ वर्षांतील ६५४ हातांचा अनुभव प्रसिद्ध केला.

नंतरच्या परीक्षा : दंडावर हवेचा पट्टा फुगवून लक्षणे उद्‌भवतात का, हे गिलिएट व विल्सन यांनी १९५३ मध्ये पाहिले. ‘त्रास झाला म्हणजे हाताचे काय करता?’ या प्रश्नाला रुग्णाने हात झटकून दिलेले उत्तर, हेच चिन्ह म्हणून प्राइस-फिलिप्स यांनी १९८४ मध्ये मांडले. पटनम यांचे निरीक्षण अशा रीतीने शंभर वर्षांनी परीक्षेच्या रूपात परतले. ड्यूर्कन यांनी १९९१ मध्ये नालावर अंगठ्यांनी ३० सेकंद सरळ दाब देण्याची परीक्षा सुचविली. त्यांच्या पाहणीत तिची संवेदनशीलता ८७ टक्के व विशिष्टता ९० टक्के आढळली. इतरांना मात्र एवढे यश नेहमीच मिळाले नाही.

मूल्यमापन : जनकाच्या हाती उत्तम ठरलेले चिन्ह इतरांच्या हाती फिके पडते, हा या इतिहासाचा पुनःपुन्हा आलेला अनुभव आहे. २००० मध्ये डार्सी व मॅक्‌गी यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्र परीक्षण केले, तेव्हा टिनेल व फॅलन यांच्या नावाजलेल्या परीक्षांचे मूल्य अल्प ठरले. त्यांपेक्षा मध्य तंत्रिकेच्या क्षेत्रातील टोचणीची मंद संवेदना, अंगठा तळव्यापासून वर उचलण्यातील अशक्तपणा व रुग्णाने हाताच्या चित्रावर स्वतः दाखविलेली बधिरतेची जागा या साध्या गोष्टी अधिक उपयोगी आढळल्या. यांपैकी कोणतीही एकटी निर्णायक नाही. असाच धडा विदर्भातही मिळाला आहे. यवतमाळलगतच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना १९६९) २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मस्तिष्कावरणशोथाच्या कर्निग व ब्रुडझिन्स्की या सुप्रसिद्ध चिन्हांवर विसंबून रोग निश्चित करता येत नाही वा नाकारताही येत नाही, असे दिसून आले.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात : या जिल्ह्यात कापसाची वेचणी हातांनीच होते व ती मुख्यत्वे स्त्रिया करतात. बोंडातून कापूस ओढताना अंगठा व पहिली दोन बोटे यांचीच चिमूट लागते. म्हणजे मध्य तंत्रिका गेली की रोजगारच जातो. शिवाय येथे हाताची बधिरता मनगटातील दाबामुळेच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. विदर्भात कुष्ठरोगाचे प्रमाण पूर्वीपासून मोठे होते. दत्तपूर (१९३६) व वरोरा (१९४९) येथील सेवाकार्ये त्यातूनच उभी राहिली. देशपातळीवर कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले, तरी नवे रुग्ण आढळतच असतात [⟶ कुष्ठरोग]. या रोगात बहुधा कोपराजवळील अंतःप्रकोष्ठ तंत्रिका प्रथम जाड होते व करंगळी बधिर होते. त्वचेवर संवेदनाहीन चट्टे असू शकतात. म्हणून मनगटावर ठोकण्याआधी कोपरामागे तंत्रिका चाचपणे, करंगळीची संवेदना पाहणे आणि अंगावरील चट्टे शोधणे इष्ट होय. कुष्ठकार्यकर्ते बॉलपेनच्या टोकाच्या हलक्या स्पर्शाने संवेदना तपासतात. तीच रीत येथेही उपयोगी पडते. २०१७ मध्ये फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत आला. काही कार्बनी फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर आठवड्यांनी तंत्रिकाविकार होऊ शकतो. पण तो सामान्यतः पायांपासून व दोन्ही बाजूंस सुरू होतो. मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता व गर्भारपण यांचीही विचारपूस आवश्यक असते.

मनगटातील दाब वेळीच ओळखल्यास रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, अंतःक्षेपण वा बंधछेदन यांनी बहुतेकांना आराम पडतो. स्नायू पूर्ण झिजल्यावर गेलेले बळ क्वचितच परत येते. कुष्ठरोग असल्यास मात्र बंधछेदनाने मूळ रोग हटत नाही व औषधोपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. दीड शतकाच्या इतिहासाचे सार असे की, चिन्हे ही पुरावे आहेत, निवाडे नव्हेत; अनेक पुरावे जुळल्यावरच निदान करावे आणि त्यांत रात्री जाग्या होणाऱ्या रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यास पहिले स्थान द्यावे.