तळटीप : २८ मोर्दाद

इराणी पंचांगातील ही तारीख, म्हणजे १९ ऑगस्ट १९५३. तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांना त्या दिवशी अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थांनी घडवलेल्या उठावात पदच्युत केले गेले आणि इराणचे राजे शहा यांची पकड घट्ट झाली. पुढे १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस धरलेले ५२ जण ४४४ दिवस कैदेत राहिले. अमेरिकेत इराणविषयीची आठवण बहुधा तिथून सुरू होते. अनेक इराण्यांची २६ वर्षे आधीपासून. ओलिसांवरचा अन्याय त्यामुळे कमी ठरत नाही, पण संतापाचे मूळ शोधताना ही तारीख वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. (काही प्रभावी धर्मगुरूही मोसद्देक यांच्या विरोधात गेले होते, हेही विसरू नये.) अमेरिकी गुप्तहेर संस्था सीआयएने उठावातील आपला सहभाग मान्य केल्याची कागदपत्रे खुली झाली ती २०१३ मध्ये, साठ वर्षांनी.