सपोर्ट डेव्हलपर (बँकिंग)

बँकेच्या चालू संगणकप्रणालीतील बिघाड शोधून ते दूर करणारा व बदलत्या नियमांप्रमाणे तीत फेरफार करणारा प्रोग्रामर. ही नोंद भारतीय बँकांपुरती मर्यादित आहे.

पूर्वपीठिका : इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यातील १९८३ चा करार आणि सी. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल यांनंतर शाखांमध्ये खातेवही-नोंदणीची यंत्रे (एएलपीएम) आली. पुढे शाखानिहाय प्रणालींची जागा सर्व शाखांची खाती एकाच केंद्रीय प्रणालीत ठेवणाऱ्या कोअर बँकिंगने (सीबीएस) घेतली. फिनॅकल, फ्लेक्सक्यूब व टीसीएस बँक्स ही प्रचलित उत्पादने.

कामाचे स्वरूप : शाखेची तक्रार ‘तिकीट’ म्हणून नोंदली जाते. एल-१ पातळीवर वापरासंबंधीच्या अडचणी सुटतात, एल-२ वर प्रणालीने ठेवलेल्या नोंदी (लॉग) व डेटाबेस तपासले जातात, एल-३ वर मूळ कोड दुरुस्त होतो. सपोर्ट डेव्हलपर बहुधा शेवटच्या दोन पातळ्यांवर असतो. दुरुस्तीचा कोड (पॅच) आधी चाचणी-प्रणालीत (यूएटी) तपासून, मंजुरी घेऊन, ठरलेल्या वेळेतच प्रत्यक्ष चालू प्रणालीवर (प्रॉडक्शन) चढवतात. खात्यातील चुकीची शिल्लक डेटाबेसमध्ये परस्पर बदलत नाहीत. विरुद्ध नोंद टाकून ती दुरुस्त करतात, म्हणजे लेखापरीक्षणासाठी मूळ चूक व दुरुस्ती दोन्ही दिसतात.

दिवसअखेर (ईओडी) : या कामाचा गाभा. अपूर्ण व्यवहारांचा निपटारा, व्याजआकारणी, स्थायी सूचना, कर्जहप्त्यांची वसुली व सर्वसाधारण खातेवहीचा (जीएल) मेळ हे टप्पे पार पडल्यावर प्रणालीत पुढची तारीख उघडते. एखाद्या खात्याचा व्याजदर कोरा राहिला, कुलूपबंद नोंद सुटली नाही किंवा डेटाबेसमधील जागा संपली, तरी ईओडी अडकते. अशा वेळी अडथळा दूर करून किंवा दोषी खाते तात्पुरते वगळून ही टप्प्यांची मालिका (बॅच) अडलेल्या टप्प्यापासून पुढे चालवतात. ती पहिल्यापासून चालवली आणि आधीची आकारणी मागे घेतली नसली, तर व्याज दुबार लागण्याचा धोका असतो.

नियमबदलांनी ईओडीचा भार वाढवला. पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर धरत. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मोजले जाते. थकीत कर्जखाती विशेष उल्लेखित (एसएमए) किंवा अनुत्पादक (एनपीए) ठरवण्याचे काम त्या-त्या तारखेच्या दिवसअखेर प्रक्रियेतच व्हावे, असे रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. बँकांमधील रक्कम-हस्तांतरणाच्या सेवांपैकी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू झाल्याने व्यवहार थांबवून दिवस बंद करण्याची सोय उरली नाही. लेखादिन मात्र बंद करावाच लागतो. म्हणून ईओडी चालू असताना आलेले व्यवहार स्वीकारून ते पुढच्या तारखेला टाकण्याची व्यवस्था प्रणालीत ठेवावी लागते.

फसलेले व्यवहार : रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम वजा होऊन एटीएममधून रोकड न आल्यास ती जास्तीत जास्त पाच दिवसांत परत जमा व्हावी लागते, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयने खात्यात रक्कम पाठवताना ती वजा झाली पण समोरच्याला पोचली नाही, तर मुदत एका दिवसाची. त्यामुळे व्यवहार पुढे पाठवणारी प्रणाली (स्विच), कोअर बँकिंग व नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या फायली यांचा मेळ घालणारे प्रोग्राम (रेकॉन) महत्त्वाचे ठरतात.

जबाबदारी : बिघाडाचा खर्च बँकेने सोसावा की प्रणालीच्या पुरवठादाराने, याविषयी करारांतील तरतुदी भिन्न असतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांनुसार काम बाहेर सोपवले तरी बँकेचे दायित्व कायम राहते.

सुरक्षा : या कामात प्रणालीच्या सुरक्षेचेही भान ठेवावे लागते; ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

कामाच्या अटी : पाळ्यांत काम व बोलावताच हजर होण्याची तयारी (ऑन-कॉल).