जुन्या मशीनला जुनाच मेंदू

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला, तेव्हा आधी गॅदरिंगच्या आठवणी लिहिणार होते. पण त्या तुम्ही सगळे लिहिणारच. मी वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून यंत्रांच्या इतिहासातलं एक प्रकरण सांगते. त्याचं एक टोक अमेरिकेत आहे आणि दुसरं आपल्या परभणीत, आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये. (नाव छापू नको, असं त्याने बजावलं आहे.)

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापतं. मिलिंग मशीनवर उलट असतं. कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. टेबल सरकवायला हँडल असतात, आणि ते फिरवणारा हात किती सराईत आहे यावर माल ठरतो.

१९४० च्या दशकात मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याची गोलाई हाताने अचूक जमेना. पार्सन्सनी पंचकार्डावर चालणाऱ्या गणकयंत्राकडून त्या वळणावरचे बिंदू काढून घेतले आणि कामगार त्या आकड्यांप्रमाणे हँडल फिरवू लागले. मग आकडेच थेट मशीनला द्यावेत, ही कल्पना पुढे आली. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं आणि सप्टेंबर १९५२ मध्ये प्रात्यक्षिक झालं. आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यांनी नवीन मिलिंग मशीन बनवलंच नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल हे तयार मशीन घेतलं आणि त्याला व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटं जोडली. म्हणजे जगातलं पहिलं संख्यानियंत्रित मशीनसुद्धा एक प्रकारे जोडाजोडच होती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून आपल्याला चिडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच काळात दुसरा एक मार्गही होता. १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने कुशल कारागिराची हालचाल टेपवर नोंदवून घेऊन तीच मशीनकडून पुन्हा करवून घेण्याची पद्धत तयार केली होती. तिच्यात कारागीर हाच प्रोग्रामर. ती मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे, की याला तंत्र एवढंच कारण नव्हतं. कामाचा ताबा कारागिराकडून काढून ऑफिसातल्या माणसाकडे न्यावा, ही व्यवस्थापनाची ओढही त्यात होती. मला हे बरंचसं पटतं, मी स्वतः ऑफिसातली असूनही. कर्ट व्हॉनेगट हा लेखक तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. आपोआप चालणारं मिलिंग मशीन पाहून त्याने ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी लिहिली. ती आली १९५२ मध्येच.

आता आपल्याकडे येते. एचएमटी म्हटलं की आपल्याला दहावी पास झाल्यावर मिळणारं घड्याळ आठवतं, नाहीतर ट्रॅक्टर. पण ही कंपनी १९५३ मध्ये बंगळूरला उभी राहिली ती मशीन टूल्स बनवायला. नावातला ‘एमटी’ त्याचाच. पिंजोरच्या कारखान्यात तिची मिलिंग मशीन बनत. त्यातलंच एक, दोन कारखान्यांत राबून, आपल्या मित्राकडे आलं. जिनिंगची मोडलेली गिअर, पंपाचे भाग, पेरणी यंत्राच्या चकत्या अशी कामं त्यावर होतात. चकतीच्या कडेला बियांसाठी सारख्या अंतरावर खाचा लागतात. सोयाबीनची वेगळी, तुरीची वेगळी. मृगाआधी मागणी येते ती सगळी एकदम. वेळेत माल निघाला नाही, तर गिऱ्हाईक मोठ्या शहराकडे जातं आणि परत येत नाही. दोन सीझन असे गेल्यावर त्याने मला फोन केला.

नवीन सीएनसी त्याच्या खिशाबाहेर होतं. वाळूजकडच्या एका भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या मशीनचा फॅनक कंट्रोलर मिळाला, १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ‘झीरो’ मालिकेतला, मोटर आणि ड्राइव्हसकट. या कंट्रोलरची गंमत अशी, की मशीनची मोजमापं त्याच्या ज्या स्मृतीत असतात ती बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की तो सगळं विसरतो. हाही विसरला होता. नशिबाने कपाटाच्या दारात छापील यादी होती. काही शे आकडे दोन रात्री बसून एकेक करून भरले आणि स्क्रूच्या पिचप्रमाणे हवे ते बदलले. एक गोष्ट मात्र तो विसरला नव्हता. तर्काचा भाग वेगळ्या चिपमध्ये पक्का कोरलेला होता, त्यामुळे तो जुन्या मशीनच्या टूल बदलणाऱ्या यंत्रणेकडून ‘तयार आहे’ असा इशारा येण्याची वाट पाहत बसे. ती यंत्रणा केव्हाच वितळवली गेली असणार. तिच्या वतीने होकार देणारी एक वायर आम्ही जोडली. इमर्जन्सी स्टॉपला मात्र हात लावला नाही.

खरी अडचण स्क्रूची होती. झिजलेल्या स्क्रूमध्ये प्ले असतो. हँडल उलटं फिरवलं की टेबल थोडा वेळ जागचं हलतच नाही. डायल लावून पाहिलं तर ०.३५ मिमी. बॉलस्क्रूला पैसे नव्हते. त्या मशीनवर तीस वर्षं काम केलेले चाचा बाजूला उभे होते. आम्ही मशीनला मोटर लावायला लागल्यापासून ते फारसं बोलत नव्हते, आणि का, ते कुणी विचारत नव्हतं. ते म्हणाले, “बेटा, टेबल कधीपण एकाच बाजूनं आणायचं. पुढं जाऊन मागं यायचं असलं तर जरा जास्त मागं जा, मग पुढं ये. प्ले मरतो.” मी मॅन्युअल उघडलं. त्यात याच सवयीसाठी एक आज्ञा होती, जी ६०. आमच्या कंट्रोलरमध्ये ती सोय चालू नव्हती, म्हणून चाचांची सवय मी प्रोग्राममध्ये ओळीओळीने लिहिली. खाचांच्या जागा साइन-कोसाइनने काढल्या. चोवीस खाचा, पंधरा-पंधरा अंश. दहावीत ‘याचा उपयोग काय?’ असं गणिताच्या सरांना विचारणाऱ्यांत हा मित्रच पुढे होता.

सध्या कंट्रोलर फक्त दोन अक्ष चालवतो. टेबल जागेवर येऊन थांबतं, खोली चाचा हाताने देतात, बटण दाबतात, मग टेबल पुढच्या खाचेकडे जातं. पहिल्या शंभर चकत्या मृगाच्या आधी गेल्या. तिसरी मोटर भंगारातून आली होती ती कपाटावर ठेवली आहे. मित्र म्हणतो, दिवाळीत बसवू. मी त्याला म्हटलं, तोवर चाचांना प्रोग्राम लिहायला शिकवते. चाचा म्हणाले, चष्मा बदलून आणतो. मागच्या महिन्यात त्यांनी हरभऱ्याच्या चकतीसाठी खाचांची संख्या स्वतः बदलली, आणि मला फोन करून सांगितलं नाही, मित्राकडून कळलं.