महासाथीतील विम्याचे कवच : वाशीमकरांना काय मिळाले, काय निसटले

वाशीम : कोरोनाच्या साथीत आरोग्य विमा हा शब्द वाशीम जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांच्या कानावर प्रामुख्याने एकाच नावाने पडला, तो म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. खासगी पॉलिसी हातात असणारे येथे थोडेच. सोयाबीन आणि तुरीच्या उत्पन्नावर संसार चालविणाऱ्या या जिल्ह्यात रुग्णालयाचे बिल भागविण्याचा खरा आधार रेशनकार्ड हाच होता.

या योजनेची मुळे जुनी आहेत. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि वाशीमचा तीत समावेश झाला. १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पिवळे, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचे केशरी कार्ड यांना लाभ मिळत असे. आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ही सवलत होती. वाशीम त्या चौदांपैकी एक. ही ओळख अभिमानाची नव्हे. पण साथीच्या आधीच येथील शेतकरी कवचाखाली आला तो तिच्यामुळे.

योगायोग असा, की टाळेबंदीच्या प्रारंभीच्या दिवसांत, १ एप्रिल २०२० रोजी, ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून नव्या स्वरूपात सुरू झाली. युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीकडे विम्याचे काम सोपविण्यात आले. प्रतिकुटुंब वार्षिक ७९७ रुपयांचा हप्ता राज्य शासन भरत असे. कुटुंबाला एक पैसाही द्यावा लागत नसे. वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च विमा कंपनीकडे, तर आयुष्मानच्या लाभार्थ्यांचा त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा खर्च राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे, अशी विभागणी होती.

मे २०२० च्या प्रारंभी तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यातील सर्व नागरिकांना योजनेत सामावून घेण्याची घोषणा केली. २३ मे रोजी शासन निर्णय निघाला आणि कार्डाचा रंग पाहण्याची अट तूर्त गळून पडली. शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असलेल्या १३४ उपचारांपैकी १२० उपचार अंगीकृत खासगी रुग्णालयांनाही खुले करण्यात आले. सरकारी दवाखाने कोरोनाच्या रुग्णांनी व्यापले असताना इतर आजारांच्या रुग्णांनी जायचे कोठे, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते. त्याची चर्चा कमी झाली, उपयोग मात्र मोठा होता.

घोषणा आणि अनुभव यांत अंतर राहिले ते येथून पुढे. कोरोनासाठी योजनेत वीस पॅकेजेस होती. त्यांचा भर श्वसनाचा गंभीर त्रास आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास लागणाऱ्या रुग्णांवर होता. सौम्य लक्षणांचा रुग्ण खासगी रुग्णालयात दाखल झाला, तर ते बिल योजनेत बसत नसे. 'सर्वांना मोफत उपचार' एवढेच ऐकलेल्या नातेवाइकांना हा फरक अनेकदा बिलाच्या खिडकीवरच कळे. शिवाय रुग्णालय योजनेत अंगीकृत असणे आवश्यक होते. वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. प्रकृती अधिक बिघडलेल्या रुग्णाला अकोला गाठावे लागे. विम्याचे पत्र खाटेची हमी देत नाही, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये साऱ्या राज्याने पाहिले.

दुसऱ्या लाटेची चाहूल या जिल्ह्याला आधीच लागली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले आणि वाशीमचे नाव देशभर पोहोचले. पुढे म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा मे २०२१ मध्ये या आजाराचाही योजनेत समावेश करण्यात आला. योजनेबाहेर राहणाऱ्यांसाठी शासनाने खासगी रुग्णालयांचे दर बांधले. जून २०२१ पासून ते शहराच्या वर्गानुसार ठरले. जिल्हा मुख्यालये 'ब' वर्गात आल्याने वाशीम शहरात साध्या कक्षाचा दर दिवसाला ३,००० रुपये, तर उर्वरित भागात २,४०० रुपये असा झाला.

पॉलिसी विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये 'कोरोना कवच' आणि 'कोरोना रक्षक' या प्रमाणित पॉलिसी आणल्या. पहिलीत पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत प्रत्यक्ष खर्चाची भरपाई होती. दुसरीत किमान ७२ तास दाखल राहिल्यास एकरकमी रक्कम मिळे. पहिले पंधरा दिवस मात्र संरक्षण नसे, त्यामुळे घरात खोकला सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नव्हता.

गावोगाव घरे तपासत फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांचा विचार येथे करावाच लागेल. ३० मार्च २०२० पासून केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा लागू केला. त्यात आशांचाही समावेश होता आणि न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनी तो राबवीत होती. मात्र हे संरक्षण मृत्यूपुरते होते. कामावर असताना आजारी पडून महिना-दोन महिने घरी बसलेल्या आशाताईच्या बुडालेल्या मोबदल्याची भरपाई त्यात नव्हती.

साथ ओसरल्यावर योजनेचा विस्तार झाला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांची मर्यादा निश्चित करण्यात आली. साथीत तात्पुरती दिलेली सवलत अशा रीतीने कायम झाली. रुग्णाला दाखल करताना रेशनकार्ड व छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयातूनच जातो. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले.