बामियान ते मुंबई : गुप्त परराष्ट्र धोरण, गुप्तचर यंत्रणांचे अपयश आणि दहशतवाद

मार्च २००१ मध्ये अफगाणिस्तानातील बामियान खोऱ्यात तालिबानने दोन भव्य बुद्धमूर्ती स्फोटकांनी उडवून दिल्या. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. सहाव्या शतकाच्या आसपास डोंगरकड्यात कोरलेल्या या मूर्ती चिनी भिक्खू ह्युएन त्संग यांनी सातव्या शतकात पाहिल्या होत्या. त्या स्फोटाचा व्हिडिओ आजही आपल्या ग्रुपवर फिरतो आणि त्याखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असते : "हे लोक असेच."

आम्ही वस्त्यांमध्ये युवकांसोबत काम करतो. या विषयावर चर्चा निघाली की जाणवते, मूर्ती कोणी फोडल्या हे सर्वांना ठाऊक आहे. पण फोडणारे सत्तेवर कसे आले, त्या देशात एवढी शस्त्रे कोठून आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बामियान हे हजारा मुस्लिमांचे खोरे आहे. मूर्ती पाडण्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये, तालिबानने बामियान प्रांतातीलच याकावलंग येथे हजारा पुरुषांना पकडून गोळ्या घातल्या, हे तर जवळपास कोणालाच माहीत नसते.

भगवान बुद्धांनी दुःखासोबत दुःखाचे कारणही पाहायला शिकवले. कारण शोधणे म्हणजे गुन्हेगाराचे समर्थन करणे नव्हे. बॉम्ब ठेवणारा आणि गोळी झाडणारा दोषी आहेच. पण त्याच्यापर्यंत पोहोचणारी साखळी समजली नाही, तर ती पुन्हा तयार होते. त्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

गुप्त परराष्ट्र धोरण म्हणजे काय?

एखादे सरकार दुसऱ्या देशात पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण किंवा प्रचार पुरवते, बंडखोरांना मदत करते, सत्तापालट घडवते. पण आपला हात दिसू नये याची काळजी घेते. याला गुप्त कारवाई म्हणतात. तिची तीन लक्षणे आहेत. पहिले, "आमचा संबंध नाही" असे म्हणण्याची सोय ठेवलेली असते. दुसरे, काम मध्यस्थामार्फत होते. तिसरे, हा निर्णय जनतेसमोर आणि बहुतेक वेळा पूर्ण संसदेसमोरही येत नाही.

अशा कारवाईचे परिणाम उलटून आपल्याच अंगावर येतात, त्याला 'ब्लोबॅक' हा शब्द आहे. १९५३ मध्ये इराणमध्ये घडवलेल्या सत्तापालटाविषयी सीआयएने लिहिलेल्या अंतर्गत अहवालात तो आढळतो. २००० साली चाल्मर्स जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकाने याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता : आपल्या नावाने परदेशात काय केले गेले हे लोकांना माहीत नसते, म्हणून हल्ला झाला की तो त्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

अफगाणिस्तान : शस्त्रे कोणाला मिळाली?

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. ३ जुलै १९७९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर सही केली. तेव्हा ती मदत शस्त्रांची नव्हती. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या आणि शस्त्रांचा ओघ सुरू झाला. १९८० मध्ये काही कोटी डॉलर असलेली ही मदत १९८७ मध्ये सुमारे ६३ कोटी डॉलरवर गेली. सौदी अरेबियाने जवळपास तेवढीच रक्कम घातली. १९८६ पासून खांद्यावरून डागता येणारी स्टिंगर क्षेपणास्त्रेही देण्यात आली.

खरा घोळ वाटपात होता. पैसा अमेरिकेचा आणि सौदीचा, पण कोणत्या गटाला किती द्यायचे हे पाकिस्तानची आयएसआय ठरवत होती. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीने सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हेकमतयार यांच्या कट्टर गटाला दिला. मवाळ आणि राष्ट्रवादी अफगाण गट मागे पडले. अमेरिकेला सोव्हिएत सैनिक मरताना हवे होते. युद्धानंतर देश कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न तिने मध्यस्थावर सोडला.

लहान मुलेही यातून सुटली नाहीत. अमेरिकी सरकारी निधीतून नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकल्पात अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार झाली. त्यांत बंदुका, गोळ्या आणि जिहादची उदाहरणे देऊन अक्षरे आणि गणित शिकवले जात होते. निर्वासितांच्या छावण्यांत एक पिढी ही पुस्तके वाचून मोठी झाली.

पाकिस्तानच्या सामान्य माणसानेही किंमत मोजली. १० एप्रिल १९८८ रोजी रावळपिंडीजवळच्या ओझरी छावणीत अफगाण युद्धासाठी साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. रॉकेट शहरभर कोसळून शंभराच्या आसपास माणसे मेली.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचा सोव्हिएत सैनिक परतला आणि अमेरिकेचा रस संपत गेला. शस्त्रे तशीच राहिली. स्टिंगर परत मिळवण्यासाठी सीआयएला पुढे ती विकत घ्यावी लागली. १९९२ नंतर मुजाहिदीन गट आपसात लढले. हेकमतयार यांच्या रॉकेटांनी काबूल उद्ध्वस्त केले. त्या अराजकातून, पाकिस्तानच्या पाठबळाने, तालिबान उभे राहिले आणि सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी काबूल घेतले. बामियानची वाट येथून जाते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. "सीआयएने ओसामा बिन लादेनला पैसे दिले" असे आपल्या भाषणांतही ऐकू येते. त्याचा भक्कम पुरावा नाही. अरब स्वयंसेवकांना पैसा मुख्यतः अरब देशांतील देणगीदारांकडून येत होता. पण ज्या युद्धाच्या, प्रशिक्षणाच्या आणि शस्त्रांच्या बाजारात १९८८ मध्ये पेशावर येथे अल कायदा जन्मली, तो बाजार या गुप्त धोरणाने उभा केला होता. खरे एवढेच पुरेसे गंभीर आहे. त्यात खोटे मिसळायची गरज नाही.

गुप्तचर अपयश : माहिती असते, पोहोचत नाही

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत २,९७७ माणसे मारली गेली. त्याआधीच्या घटना पाहा.

- जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथे अल कायदाच्या लोकांची बैठक झाली. सीआयएने तिच्यावर पाळत ठेवली. त्यातील एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हेही तिला कळले. तरी त्याचे नाव देखरेख यादीत ऑगस्ट २००१ च्या अखेरीस आले.
- दरम्यान तो आणि त्याचा साथीदार सॅन डिएगो येथे राहिले. ज्या घरात त्यांनी काही काळ खोली घेतली, त्याचा मालक एफबीआयचा खबऱ्या होता.
- जुलै २००१ मध्ये फिनिक्स येथील एफबीआय अधिकाऱ्याने विमान प्रशिक्षण घेणाऱ्या संशयितांबद्दल लेखी इशारा दिला. तो वरच्यांनी गांभीर्याने घेतला नाही.
- ६ ऑगस्ट २००१ रोजी बिन लादेन अमेरिकेतच हल्ला करू पाहतो, असे टिपण थेट अध्यक्ष बुश यांच्यासमोर ठेवले गेले.

चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात कल्पनाशक्ती, धोरण, क्षमता आणि व्यवस्थापन या चारही बाबतींतील अपयश नोंदवले. म्हणजे प्रश्न फक्त हेर कमी असण्याचा नव्हता. प्रत्येक खाते आपली माहिती आपल्याच कपाटात ठेवत होते.

मुंबई : खबऱ्या की दहशतवादी?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोरांनी मुंबईत १६६ जणांचा जीव घेतला. सीएसटी स्थानकात गावी जायला निघालेले कष्टकरी मारले गेले. गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी फक्त लाठीनिशी अजमल कसाबला धरून ठेवले आणि प्राण दिले.

हा हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तैयबाची मुळेही अफगाण युद्धात आहेत. हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक. हेरॉइनच्या गुन्ह्यात पकडला गेल्यावर तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झाला होता. २००५ मध्ये त्याच्या एका पत्नीने न्यूयॉर्कमध्ये आणि पुढे दुसऱ्या पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात त्याच्या लष्करशी असलेल्या संबंधांची तक्रार केली. तरीही २००६ ते २००८ या काळात तो मुंबईत येत-जात राहिला. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला शिकागोत अटक झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. आयएसआयच्या अधिकाऱ्यांनी आपल्याला सूचना दिल्याचे त्याने न्यायालयात सांगितले.

आपल्याकडेही समुद्रमार्गे हल्ल्याचे आणि मोठ्या हॉटेलांना असलेल्या धोक्याचे इशारे आले होते. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने या इशाऱ्यांची हाताळणी आणि ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन यांतील उणिवा दाखवल्या.

आपल्या देशाचा धडा : श्रीलंका

हे पाप फक्त अमेरिका आणि पाकिस्तानचे, असे म्हणून सुटता येणार नाही. १९८३ नंतर भारताच्या रॉ या संस्थेने श्रीलंकेतील तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण दिले. त्यांत एलटीटीईचे लोकही होते. १४ मे १९८५ रोजी एलटीटीईने अनुराधापूर येथे पवित्र महाबोधी वृक्षाच्या परिसरातही गोळीबार केला. त्या दिवशी सुमारे दीडशे निःशस्त्र माणसे मेली. १९८७ मध्ये गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान याच संघटनेशी लढताना मृत्युमुखी पडले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे तिनेच राजीव गांधी यांची हत्या केली.

बौद्ध म्हणून आणखी एक कबुली द्यावी लागेल. १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा आणि १९८३ ची तमिळविरोधी हिंसा यांतून तो संघर्ष पेटला, आणि त्या बहुसंख्याकवादाला काही भिक्खूंचाही पाठिंबा होता. चीवर घातले म्हणून द्वेष धम्म होत नाही.

आपण काय मागायचे?

१९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या महसुलातील १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असा हिशेब त्यांनी मांडला. परराष्ट्र धोरण हा गरिबाच्या ताटाचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीनंतर गुप्तचर संस्थांवर देखरेख करणाऱ्या कायमस्वरूपी संसदीय समित्या आल्या. त्या पुरेशा ठरल्या नाहीत, पण निदान प्रश्न विचारायची जागा निर्माण झाली. भारतात आयबी आणि रॉ यांच्यावर अशी समिती नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार या संस्था वगळलेल्या आहेत. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांबाबत माहिती मागता येते. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

जबाबदारी ठरवता येते, याचे उदाहरण श्रीलंकेतच आहे. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. भारताने आधीच दिलेला इशारा तेथील सरकारने वाया घालवला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोषी ठरवून पीडितांना भरपाई देण्याचा आदेश दिला.

आपल्याकडे प्रत्येक हल्ल्यानंतर उलटे घडते. ज्यांच्या कपाटात इशारा पडून होता त्यांना कोणी विचारत नाही. शेजारच्या मोहल्ल्यातील पोराला मात्र भाड्याने घर मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी बामियानचा व्हिडिओ ग्रुपवर आला, तर तो डिलीट करू नका. त्याखाली याकावलंगच्या हजारा मुस्लिमांबद्दल लिहा, १९७९ ची ती सही आणि वाटपाचा तो घोळ लिहा. मूर्तींचे दुःख आपले आहेच. ते कोणाच्या द्वेषासाठी वापरू द्यायचे की नाही, हेही आपणच ठरवायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.