फोंदाको आणि पाणी : व्हेनिसच्या व्यापारी वास्तूंच्या जलरक्षणाचा इतिहास

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळदा एखादी संस्थाही प्रवास करते. इटालियन भाषेतील ‘फोंदाको’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. सर्वांना सामावून घेणारी जागा, अशा अर्थाच्या ‘पांदोखेइओन’ या ग्रीक शब्दापासून अरबी ‘फुंदुक’ आला आणि भूमध्य समुद्रावरील व्यापाराबरोबर तो व्हेनिसला पोहोचला. परदेशी व्यापाऱ्याने तेथे उतरावे, माल ठेवावा आणि यजमान सत्तेने त्याच्यावर लक्ष ठेवावे, अशी ही वास्तू होती. मराठी वाचकाला येथे सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. तेथेही निवास, कोठार आणि कचेरी यांचा एकत्र संसार होता. प्रस्तुत निबंधात फोंदाकोच्या एका दुर्लक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या इमारतीत माल आणि कागद कोरडे कसे राखले गेले, आणि ही जबाबदारी काळाच्या ओघात कोणाकडून कोणाकडे गेली, हा तो प्रश्न होय.

व्हेनिस हे समुद्रालगतच्या उथळ खारकच्छात वसलेले शहर आहे. तेथे चिखलात लाकडी खांब ठोकून, त्यांवर फळ्या अंथरून पाया घालीत. पायावर इस्त्रिया प्रांतातील दाट चुनखडीचे थर रचले जात आणि त्यानंतरच विटांची भिंत सुरू होई. हा दगड पाणी फारसे शोषत नाही. त्यामुळे मराठीत आपण ज्याला जोते म्हणतो, त्याचे काम तो करी आणि ओल विटांपर्यंत चढू देत नसे. व्यापाऱ्यांच्या घरांची अंतर्गत मांडणीही याला पूरक होती. तळमजल्यावर मालाची चढउतार व साठवण, त्यावरील बुटक्या मजल्यावर हिशेबाची कचेरी, आणि त्याच्या वर निवास. पाणी अधूनमधून आत येणारच, हे अशा घरात गृहीत धरता येत होते. काय खाली ठेवावे आणि काय वर, या निवडीतच संरक्षणाचा मोठा भाग होता.

रिआल्तो पुलाजवळील ‘फोंदाको देई तेदेस्की’, म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांचा फोंदाको, १५०५ च्या आगीत नष्ट झाला व १५०८ पर्यंत पुन्हा उभा राहिला. त्याच्या बाहेरील भिंतींवर जोर्जोने आणि तिशियन यांनी भित्तिचित्रे रंगविली. दगडी जोत्याने इमारत टिकली. चित्रे मात्र खाऱ्या, दमट हवेपुढे टिकली नाहीत. त्यांचे मोजके अवशेष उरले असून झानेत्ती याने १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्कीर्ण प्रतिकृतींवरून त्यांतील काही आकृतींची कल्पना येते. मूळ संहिता हरवून केवळ अनुवाद उरावा, तशीच ही स्थिती आहे. पुढे नेपोलियनच्या काळात ही वास्तू जकातीची कचेरी झाली, विसाव्या शतकात टपाल कचेरी, आणि २०१६ मध्ये चैनीच्या वस्तूंचे बहुमजली दालन. ते दालन २०२५ मध्ये बंद झाले.

जुन्या व्यवस्थेचे गणित विसाव्या शतकात बिघडले. व्हेनिसमध्ये भरतीची उंची १८९७ च्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. समुद्र वर आल्याने आणि जमीन खचल्याने आजची सरासरी पातळी त्या शून्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर आहे. मार्घेरा येथील कारखान्यांसाठी झालेला भूजलाचा उपसाही खचण्याचे एक कारण होता. परिणामी पाणी दगडी थर ओलांडून विटांना भिडते, भिंतींना लोणा लागतो आणि क्षारांच्या स्फटिकांनी विटा भुगा होऊन झडतात. दुसरीकडे तळमजल्यावर दुकाने, विजेच्या जोडण्या आणि इंधनतेलाच्या टाक्या आल्या होत्या. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले, तेव्हा या टाक्यांतील तेल पाण्यावर पसरून भिंतींना आणि मालाला माखले.

त्यानंतरचे उपाय दोन प्रकारचे दिसतात. पहिला अडविण्याचा : दुकानाच्या दारात खोबणीत बसविलेली, रबरी कडांची धातूची फळी आणि आत पंप. परंतु पाणी फरशीखालून आणि मोरीतूनही येते. तेथे ही फळी निरुपयोगी ठरते. दुसरा उपाय पाण्याला जागा करून देण्याचा. वास्तुकार कार्लो स्कार्पा यांनी १९६१ ते १९६३ या काळात क्वेरिनी स्ताम्पालिया या संस्थेच्या तळमजल्याची पुनर्रचना केली. तेथे त्यांनी भरतीचे पाणी आत घेऊन कडेच्या पन्हळींतून फिरविले आणि चालण्याची जमीन उंच ठेवली. ही इमारत व्यापारी नसली, तरी जुन्या घरांमागील विचार तिच्यात ओळखू येतो. ‘आक्वा आल्ता’, म्हणजे ‘उंच भरती’, हेच नाव घेतलेल्या पुस्तकांच्या दुकानात ग्रंथ जुन्या होडीत आणि न्हाणीच्या टबांत ठेवलेले असतात. तरीही १२ नोव्हेंबर २०१९ रोजी, १८७ सेंटिमीटरच्या भरतीत, तेथील अनेक पुस्तके भिजली.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ‘मोसे’ या योजनेतील ७८ पोलादी झडपा भरती रोखण्यासाठी प्रथमच उचलल्या गेल्या आणि संरक्षणाची जागा दुकानाच्या दारातून समुद्राच्या मुखाशी गेली. त्याबरोबर निर्णयाचा अधिकारही हलला. ८ डिसेंबर २०२० रोजी अंदाज चुकला, झडपा उचलल्या गेल्या नाहीत आणि पाणी १३८ सेंटिमीटरवर पोहोचले. पुढे झडपा उचलण्याची मर्यादा ११० सेंटिमीटर ठरली. सान मार्को चौकाच्या सखल भागात मात्र ८० ते ९० सेंटिमीटरलाच पाणी येते. तेथील चर्चभोवती २०२२ मध्ये काचेचा अडसर उभारला गेला. दुकानदाराची भिस्त दारातल्या फळीवरच राहिली. मर्यादा सरसकट खाली आणावी, तर बंदराची वाहतूक आणि खारकच्छातील पाण्याची अदलाबदल वारंवार थांबते.

फोंदाकोच्या काळात कोणती वस्तू पाण्याच्या वाटेत ठेवायची, हे इमारतीचा धनी ठरवीत असे. आज तो निर्णय मोठ्या प्रमाणात शहराबाहेरच्या झडपांपाशी होतो. तौलनिक अभ्यासकाला या इतिहासाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. व्यापाऱ्यांची जी पत्रे, वह्या आणि करारनामे आपण साधने म्हणून वाचतो, ती एके काळी कोणत्या तरी मजल्यावर ठेवलेली होती. कोणता कागद खाली राहिला आणि कोणता वर गेला, या निवडीचाही आपल्या संग्रहांच्या घडणीत वाटा आहे. साधनांची चिकित्सा करताना संहितेबरोबर तिच्या कोठाराचाही विचार व्हावयास हवा.